हार्वर्डने नाटकाची पदवी नाकारली, म्हणून या मास्तरांनी दुसऱ्या गावात जाऊन नाटकाचं कॉलेज उभं केलं

शिकागो नावाचा सिनेमा बघितलाय का? २००२ सालचा. खून करून जेलात बसलेल्या दोन बायका, त्यांना हिरोइन बनवणारा वकील आणि मसाला शोधत फिरणारे पत्रकार. त्या सिनेमाने बेस्ट पिक्चरसकट सहा ऑस्कर उचलले. त्याची मूळ गोष्ट १९२६ सालच्या एका नाटकाची आहे आणि ते नाटक लिहिलं होतं मोरीन वॉटकिन्स नावाच्या एका महिला पत्रकाराने.

गॉन विथ द विंड तर ऐकून माहीत असेलच. त्याची पटकथा लिहिणाऱ्या सिडनी हॉवर्डला मरणोत्तर ऑस्कर मिळालं.

मार्लन ब्रँडोला अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर या नाटकातून स्टार करणारा दिग्दर्शक म्हणजे इलिया कझान.

आणि चौथा युजीन ओनील. साहित्याचं नोबेल मिळवणारा अमेरिकेचा पहिला नाटककार.

आता या चौघांत कॉमन काय?

तर हे चौघंही एकाच माणसाने उभ्या केलेल्या वर्गांतून बाहेर पडलेत. त्या माणसाचं नाव जॉर्ज पियर्स बेकर. आपल्याकडे हे नाव फारसं घेतलं जात नाही, पण अमेरिकेत कॉलेजात जाऊन नाटक शिकायचं म्हटलं की गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते.

आपल्या घरात पोराने किंवा पोरीने बारावीनंतर नाटक शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. नाटकात शिकण्यासारखं असतंय काय, आणि शिकून पुढं करणार काय? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठाने आपल्याच प्रोफेसरला विचारला होता. बेकर यांची गोष्ट म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. ते द्यायला त्यांना जवळपास सगळी नोकरी खर्ची घालावी लागली.

सुरवातीपासून बघू.

४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स या गावात बेकर यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर. घरात हे एकच लेकरू. पोरगा हुशार होता, हार्वर्डला गेला आणि १८८७ साली पदवीधर झाला. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या इंग्रजी विभागात मास्तर म्हणून चिकटला.

शिकवायला विषय मिळाला तो वादविवादाचा. म्हणजे मुद्दा कसा मांडायचा, पुरावा कसा द्यायचा, समोरच्याला कसं पटवायचं. बेकर यांनी त्यावर १८९५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ते गाजलंही. हार्वर्डच्या पोरांना ते डिबेटसाठी तयार करायचे.

वरवर बघितलं तर याचा आणि नाटकाचा काही संबंध नाही. पण जरा विचार करा. वादविवाद म्हणजे तरी काय? समोर बसलेल्या माणसांवर बोललेल्या शब्दाचा परिणाम होतो की नाही, एवढाच खेळ. कागदावर मुद्दा कितीही जोरदार असला आणि ऐकणारा जांभया द्यायला लागला, तर मुद्दा पडला. नाटकाचंही तसंच असतंय. पुढे आयुष्यभर बेकर यांनी नाटकाकडे असंच बघितलं. समोर प्रेक्षक नसेल तर नाटक पूर्ण होत नाही.

त्या काळात कॉलेजात नाटक शिकवत नव्हते असं नाही. शेक्सपिअर होता, ग्रीक नाटकं होती. पण ती पुस्तकातली. पोरांनी ती वाचायची, त्यावर निबंध लिहायचा, परीक्षा द्यायची. नाटक करायचं असेल तर एकच रस्ता होता, नाटक कंपनीत जायचं.

आपल्याकडेही तेच चालू होतं की. किर्लोस्कर मंडळीत, गंधर्व मंडळीत पोरं कंपनीत भरती व्हायची. आधी पडेल ते काम, मग छोटी भूमिका, मग नशीब असलं तर मोठी. कंपनी हीच शाळा. अमेरिकेतही नट असाच घडायचा आणि पडदे रंगवणारा, दिवे लावणारा, कपडे शिवणारा उस्तादाच्या हाताखाली काम शिकायचा. विद्यापीठाच्या दृष्टीने ही सगळी कारागिरी होती. विद्या म्हणजे ग्रंथालयात असते ती.

बेकर यांना हे पटत नव्हतं. हार्वर्डमध्ये ते नाटकाचा इतिहास शिकवायचे. पण जी गोष्ट लिहिली जाते स्टेजसाठी, ती फक्त वाचून कशी कळणार, हा किडा डोक्यात बसला होता. मग त्यांनी नाट्यलेखनाचा वर्ग सुरू केला. आधी रॅडक्लिफमध्ये, म्हणजे हार्वर्डच्या शेजारी असलेल्या मुलींच्या कॉलेजात आणि १९०५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये.

विद्यापीठाच्या यादीत या वर्गाचं नाव होतं इंग्लिश ४७. फक्त एक नंबर. पण पुढे अमेरिकेच्या नाटकधंद्यात हा नंबर ब्रँड झाला.

या वर्गात प्रवेश मिळवणं सोपं नव्हतं. आधी स्वतः लिहिलेलं नाटक पाठवायचं. ते बघून बेकर मोजकी पोरं निवडायचे. वर्गात सगळे टेबलाभोवती बसायचे. बेकर एखाद्याची संहिता उचलायचे आणि लेखकाचं नाव न सांगता मोठ्याने वाचून दाखवायचे. मग बाकीची पोरं तुटून पडायची. लेखक तिथंच बसलेला असायचा, गपचूप ऐकत. कुणाच्या नाटकाची सालटी निघतायत हे बाकीच्यांना माहीत नसायचं.

गृहपाठही ठरलेला असायचा. आधी एखाद्या कथेची एकांकिका करायची, म्हणजे गोष्ट सांगणं आणि गोष्ट घडताना दाखवणं यातला फरक हाताला कळतो. मग स्वतःची एकांकिका. मग मोठ्या नाटकाचा आराखडा आणि शेवटी पूर्ण नाटक. प्रतिभा शिकवता येत नाही हे बेकर उघड मान्य करायचे. त्यांचा दावा एवढाच होता की ज्याच्याकडे ती आहे, त्याचं उमेदवारीचं वय कमी करता येतं. जी चूक कळायला बाहेर पाच नाटकं पडावी लागतात, ती इथं एका टर्ममध्ये कळेल.

१९०८ मध्ये याचा पुरावा मिळाला. एडवर्ड शेल्डन नावाचा त्यांचा विद्यार्थी. वय २२. त्याचं सॅल्व्हेशन नेल हे नाटक थेट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लागलं, तेही मिनी मॅडर्न फिस्क या त्या काळच्या मोठ्या नटीला घेऊन. नाटक हिट झालं. हार्वर्डमध्ये नाटक लिहायला शिकवतात आणि ते नाटक चालतंसुद्धा, ही बातमी देशभर झाली. इंग्लिश ४७ कडे पोरांची रांग लागली.

पण बेकर यांचं समाधान झालं नव्हतं. वर्गात नाटक वाचून दाखवलं तरी ते वाचनच. प्रवेश किती सेकंदाचा हवा, खुर्ची कुठे ठेवली की नटाची पाठ प्रेक्षकांकडे होते, कुठल्या वाक्याला हशा येतो आणि कुठं माणसं चुळबुळ करतात, हे टेबलावर कसं कळणार?

मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. वर्गात लिहिलेली नाटकं प्रत्यक्ष करायची. या उद्योगाला नाव दिलं ४७ वर्कशॉप.

जानेवारी १९१३ मध्ये वर्कशॉपचा पहिला प्रयोग झाला. योगायोग बघा, त्याच वर्षी इकडे बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. एकीकडे कंपनीचा सुवर्णकाळ सुरू होत होता आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एक प्रोफेसर नाटकाची प्रयोगशाळा उघडत होता.

वर्कशॉप चालायचं कसं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आज जगभरात नाट्यविभाग जसे चालतात त्याचं बीज इथं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिकीटविक्री नाही. प्रेक्षक निमंत्रित असायचे, साधारण चारशेच्या घरात. पण फुकट नाटक बघून घरी जायची सोय नव्हती. प्रत्येकाने नाटकावर आपलं मत लिहून पाठवायचं, ही अट होती. बेकर ती सगळी मतं वाचायचे, लिहिणाऱ्यांची नावं काढून टाकायचे आणि गठ्ठा लेखकाच्या हातात द्यायचे. मग लेखकाने नाटक पुन्हा लिहायचं. आज आपण ज्याला फीडबॅक म्हणतो, त्याची ही शंभर वर्षांपूर्वीची पद्धत. आणि नाव गुपित असलं तरी ट्रोलिंग नाही, कारण मधे मास्तर बसलेले.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळं काम घरचं. नेपथ्य पोरांनी ठोकायचं, पडदे पोरांनी रंगवायचे, दिवे, कपडे, रंगभूषा, सगळं. लेखक व्हायला आलेल्याच्या हातात हातोडी यायची. त्यातून कुणाला कळायचं की आपला जीव लिहिण्यात नाही, नेपथ्यात आहे. कुणी दिग्दर्शनाकडे वळायचं, कुणी निर्मितीकडे. एका नाट्यलेखनाच्या वर्गातून नाटकाचे सगळे विभाग फुटायला लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे पोरी. हार्वर्ड तेव्हा फक्त पोरांचं होतं. पण वर्कशॉपचे प्रयोग व्हायचे रॅडक्लिफच्या ॲगासिझ हाऊसमधल्या थिएटरात आणि त्यात दोन्हीकडची मंडळी असायची. बेकर यांच्या रॅडक्लिफच्या वर्गात शिकलेली थेरेसा हेलबर्न पुढे थिएटर गिल्ड या बड्या संस्थेची कर्तीधर्ती झाली. १९४३ मध्ये ब्रॉडवेचा चेहरा बदलणारं ओक्लाहोमा हे संगीत नाटक याच संस्थेने आणलं.

आणि या सगळ्यासाठी विद्यापीठ देत काय होतं? जवळपास काहीच नाही. स्वतःचं थिएटर नाही, नीट बजेट नाही. वर्कशॉप चालायचं देणग्यांवर आणि माणसांच्या हौसेवर. बेकर दिवसा प्रोफेसर असायचे, संध्याकाळी तालमी घ्यायचे आणि उरलेल्या वेळात पैसे मागत फिरायचे.

आता येऊ त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या विद्यार्थ्याकडे.

१९१४ च्या उन्हाळ्यात बेकर यांना एक पत्र आलं. लिहिणारा होता २५ वर्षांचा युजीन ओनील. बाप जेम्स ओनील मोठा नट, एकाच गाजलेल्या भूमिकेवर आयुष्य काढलेला. पोरगा मात्र प्रिन्स्टन विद्यापीठातून पहिल्याच वर्षी बाहेर पडलेला, जहाजावर खलाशी म्हणून फिरलेला, दारूत बुडालेला आणि शेवटी टीबी झाल्यामुळे सॅनेटोरियममध्ये पडलेला. तिथं पडल्या पडल्या त्याने नाटककार व्हायचं ठरवलं होतं. पत्राचा सूर असा, की मला साधारण लेखक व्हायचं नाही, एक तर कलावंत होईन नाहीतर काहीच नाही.

बेकर यांनी त्याला घेतलं.

खरं सांगायचं तर वर्गात ओनील काही चमकला नाही. त्याने तिथं लिहिलेली नाटकं आज फारशी कुणी करत नाही. उलट त्याची बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ ही समुद्रावरची एकांकिका बेकर यांना नाटकच वाटली नाही, असं ओनील पुढे सांगायचा. पुढे १९१६ मध्ये याच एकांकिकेने त्याची सुरवात झाली. म्हणजे मास्तरांचा अंदाज इथं चुकला होता.

बेकर यांनी त्याला पुढच्या वर्षीही यायला सांगितलं, पण तो गेला नाही. तरीही ओनील आयुष्यभर त्यांचं ऋण मानत राहिला. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा होता, की त्या काळात अमेरिकेत नाटक म्हणजे करमणुकीचा धंदा होता आणि त्यात गंभीर काही लिहू पाहणाऱ्या पोराला वेड्यात काढलं जायचं. अशा वेळी एका मोठ्या विद्यापीठातला माणूस आपल्या कामाकडे काम म्हणून बघतोय, एवढ्यानेच उभं राहायला बळ मिळालं. तंत्र कुठूनही शिकता आलं असतं. हा विश्वास दुसरीकडे मिळाला नसता.

१९२० मध्ये ओनीलला पहिलं पुलित्झर मिळालं. एकूण चार मिळाली.

पण सगळ्यांचंच असं झालं नाही.

थॉमस वुल्फ नावाचा एक पोरगा १९२० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातून आला. अंगाने धिप्पाड आणि लिहायला त्याहून अघळपघळ. १९२३ मध्ये वर्कशॉपने त्याचं वेलकम टू अवर सिटी हे नाटक केलं. पात्रांची गर्दी आणि प्रयोग संपता संपेना. कापाकापी कर म्हटलं तर याला ती जमेना. ब्रॉडवेवाल्यांनी नाटक घेतलं नाही. वुल्फ मनातून खचला.

पुढे तो कादंबरीकडे वळला आणि १९२९ च्या लुक होमवर्ड, एंजल या कादंबरीने मोठा लेखक झाला. १९३५ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या कादंबरीत एक नाटकाचा प्रोफेसर आहे, थोडा आदराने आणि बराच खवचटपणे रंगवलेला. तो कुणावरून बेतलाय हे सगळ्यांना कळलं. नाटकाच्या वर्गाने वुल्फला नाटककार केलं नाही, पण आपण नाटककार नाही हे तीन वर्षांत दाखवून दिलं. आपल्याकडे या गोष्टीला वर्ष फुकट गेलं म्हणतात. वुल्फच्या बाबतीत तसं म्हणता येईल का, हे तुम्हीच ठरवा.

एव्हाना बेकर यांच्या वर्गाची यादी भारी झाली होती. सिडनी हॉवर्डला १९२५ मध्ये पुलित्झर मिळालं. फिलिप बॅरीने पुढे द फिलाडेल्फिया स्टोरी लिहिलं. जॉर्ज ॲबट ब्रॉडवेचा बडा दिग्दर्शक झाला आणि तब्बल १०७ वर्षं जगला. हॅली फ्लॅनगन नावाची एक तरुण विधवा लहान मुलाला घेऊन आयोवातून आली, वर्कशॉपमध्ये राबली आणि १९३५ मध्ये मंदीत बेकार झालेल्या हजारो नाटकवाल्यांना काम देणाऱ्या सरकारी फेडरल थिएटर प्रोजेक्टची प्रमुख झाली.

एवढं सगळं बघून हार्वर्डने काय करायला पाहिजे होतं? थिएटर बांधून द्यायचं, विभाग काढायचा, पदवी सुरू करायची. बेकर हेच मागत होते, वर्षानुवर्षं.

हार्वर्डने नाही म्हटलं.

विद्यापीठाचे अध्यक्ष होते ॲबट लॉरेन्स लोवेल. नाटक लिहिणं आणि करणं हा पदवी देण्याचा विषय आहे हे काही हार्वर्डच्या गळी उतरलं नाही. त्यातच १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स हॉल या जुन्या इमारतीला आग लागली. वर्कशॉपचा संसार तिथंच होता. आधीच भाड्याचं घर, तेही गेलं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. विद्यापीठात नाटकाची पदवी देणारं अमेरिकेतलं पहिलं ठिकाण बेकर यांचं नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकने १९१४ मध्येच ते सुरू केलं होतं. पण हार्वर्डसारख्या जुन्या, ग्रंथांच्या विद्यापीठात नाटकाला बरोबरीचा पाट मांडून द्यायचा, ही लढाई बेकर लढत होते. आणि ती लढाई ते हार्वर्डमध्ये हरले.

तेवढ्यात हार्वर्डचा जुना प्रतिस्पर्धी पुढे आला. येल विद्यापीठ.

स्टँडर्ड ऑइलच्या पैशातून श्रीमंत झालेल्या घराण्यातले एडवर्ड हार्कनेस यांनी येलला नाट्यविभाग आणि थिएटर उभं करण्यासाठी दहा लाख डॉलर दिले. १९२४ सालचे दहा लाख डॉलर. येलने बेकर यांना बोलावलं.

नोव्हेंबर १९२४ मध्ये बेकर यांनी हार्वर्डचा राजीनामा दिला. ३६ वर्षं नोकरी झालेली, वय ५८. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनचे कागद गोळा करतो. बेकर नवीन गावात शून्यापासून कॉलेज उभं करायला निघाले. हार्वर्डने काय गमावलंय हे वर्तमानपत्रांनी बरोबर ओळखलं आणि ४७ च्या आकड्यावरून फुटबॉलच्या स्कोअरसारखी टिंगल झाली. अर्थात येलच्या बाजूने.

डिसेंबर १९२६ मध्ये न्यू हेवन गावात येलचं युनिव्हर्सिटी थिएटर सुरू झालं. इथं बेकर यांना जे हवं होतं ते सगळं एका छपराखाली आणता आलं. नाट्यलेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना, तांत्रिक निर्मिती. प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक. आणि तत्त्व तेच, शिकायचं ते करून.

शिक्षक निवडताना त्यांची नजर बघा. दिग्दर्शनाला अलेक्झांडर डीन. नेपथ्याला डोनाल्ड ओनस्लेगर, त्यांचाच जुना विद्यार्थी. आणि प्रकाशयोजनेला आणला स्टॅनली मॅककँडलेस नावाचा आर्किटेक्ट.

या मॅककँडलेसचं काम थोडं समजून घेऊ, कारण ते थेट आपल्यापर्यंत पोचलंय. तोवर दिवे लावणं हे इलेक्ट्रिशियनचं काम समजलं जायचं. स्टेजवर उजेड पडला की झालं. मॅककँडलेसने त्याची रीत बसवली. स्टेजचे भाग पाडायचे. प्रत्येक भागावर समोरून दोन स्पॉट टाकायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही साधारण ४५ अंश वरून आणि ४५ अंश बाजूने. एका दिव्याला उबदार रंग, दुसऱ्याला थंड. त्यामुळे नटाचा चेहरा सपाट न दिसता नाक, गाल, डोळे उठून दिसतात. १९३२ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. आजही प्रकाशयोजना शिकणारा विद्यार्थी, मग तो न्यूयॉर्कचा असो की पुण्यामुंबईचा, सुरवात बहुतेक इथूनच करतो. पुढे ही रीत मोडायची असली तरी आधी ती यावी लागते.

म्हणजे जी गोष्ट उस्तादाच्या हातात होती ती कागदावर आली, मोजता आली, शिकवता आली. नाटकात शिकण्यासारखं काय असतं या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर नाही.

आता सुरवातीच्या मोरीन वॉटकिन्सकडे परत येऊ.

मोरीन रॅडक्लिफमध्ये ग्रीक शिकायला आली होती आणि बेकर यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गाला लागली. नाटक लिहायचं तर आधी बाहेरचं जग बघा, असा त्यांचा आग्रह असायचा. मोरीनने बघितलं. १९२४ मध्ये ती शिकागो ट्रिब्यूनमध्ये रिपोर्टर झाली आणि तिच्या वाट्याला नवऱ्याच्या किंवा प्रियकराच्या खुनात अडकलेल्या बायकांच्या केसेस आल्या. ब्युला ॲनन आणि बेल्व्हा गार्टनर. दोघी दिसायला छान, दोघींच्या बातम्या पेपरांनी चघळून चघळून छापल्या. दोघी सुटल्या.

मोरीनने त्या बातम्या स्वतः लिहिल्या होत्या. आपण आरोपींना सेलिब्रिटी केलं, ही बोच घेऊन ती येलला बेकर यांच्या वर्गात आली आणि तिथं तिने शिकागो लिहिलं. ३० डिसेंबर १९२६ ला ते ब्रॉडवेवर लागलं आणि १७२ प्रयोग झाले. मीडिया ट्रायल हा शब्दही रुळला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. १९७५ मध्ये त्याचं संगीत नाटक झालं आणि मग आपण बघितलेला सिनेमा.

इलिया कझान १९३० मध्ये येलला आला. त्याने पदवी पूर्ण केली नाही, पण दोन वर्षं सुतारकामापासून दिव्यांपर्यंत सगळं केलं. अभिनेत्यांसोबत काम करण्याची त्याची पद्धत पुढे दुसरीकडे घडली. पण स्टेजच्या मागची माहिती लागते ती इथली.

तरीही येलमधली वर्षं बेकर यांना फार सुखाची गेली असं म्हणता येत नाही. विभाग मोठा झाला तसं कारभाराचं ओझं वाढलं. टीकाकार म्हणायला लागले की हार्वर्डच्या गळक्या छपराखाली ओनील निघाला, इथं सुसज्ज थिएटरमधून तंत्रज्ञ आणि मास्तर निघतायत. त्यात तथ्य होतं. पण हेच तंत्रज्ञ आणि मास्तर देशभरच्या कॉलेजांत गेले आणि गावोगावी नाट्यविभाग उभे राहिले. १९३१ मध्ये येलने नाटकातली मास्टर ऑफ फाइन आर्ट्स ही पदवी दिली. बेकर यांनी हार्वर्डकडे आयुष्यभर जे मागितलं, ते दुसऱ्याच्या अंगणात मिळालं.

१९३३ मध्ये तब्येतीमुळे बेकर निवृत्त झाले. ६ जानेवारी १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६८. पुढच्याच वर्षी ओनीलला नोबेल मिळालं. ते बघायला मास्तर नव्हते.

बेकर यांच्या नावावर स्वतःचं एकही गाजलेलं नाटक नाही.

त्यांनी उभा केलेला विभाग १९५५ मध्ये स्वतंत्र स्कूल ऑफ ड्रामा झाला. मेरिल स्ट्रीप १९७५ मध्ये तिथूनच बाहेर पडली. फ्रान्सेस मॅकडॉरमंड, अँजेला बॅसेट, लुपिता न्योंगो याही तिथल्याच. २०२१ मध्ये या स्कूलला १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तिथल्या सगळ्या पदवी अभ्यासक्रमांची फी माफ झाली. प्रवेश मिळाला तर आज तिथं शिकवणीचा एक डॉलरही लागत नाही.

आणि हार्वर्ड?

हार्वर्डने पदवीसाठी नाटक, नृत्य आणि माध्यम हा मुख्य विषय सुरू केला २०१५ मध्ये. बेकर गेले त्याला तेव्हा सुमारे नव्वद वर्षं झाली होती.

आपल्याकडे दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये सुरू झालं. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात नाट्यविभाग आहे, संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे. तिथं जाणाऱ्या प्रत्येक पोराला घरातून तोच प्रश्न विचारला जातो आणि तो विचारणारे आईबाप काही चूक नाहीत. या वर्गातून सगळे ओनील होत नाहीत. बेकर यांच्याही वर्गातून झाले नाहीत. काही वुल्फसारखे दुसरीकडे गेले, काही दिव्यांकडे वळले, काही मास्तर झाले, कुणी पदवी अर्धी सोडली.

पण त्यातल्या प्रत्येकाला एक संध्याकाळ मिळाली होती, जेव्हा त्याने लिहिलेलं, ठोकलेलं किंवा रंगवलेलं काहीतरी चारशे माणसांसमोर उभं राहिलं आणि दोन दिवसांनी नावं खोडलेल्या कागदांचा गठ्ठा त्याच्या हातात पडला. आता हे सगळं पुन्हा कर, एवढाच त्याचा अर्थ.

बेकर यांच्या कॉलेजात शिकवायचे ते हेच.